बुजवलेलं दार

आमचं नवं स्वयंपाकघर बघायला गल्लीतल्या बायका एकीमागून एक येऊन गेल्या आणि जाताना प्रत्येकीने मला सांगितलं, "नशीब काढलंस बाई." मी हसले. तोंडातून शिवी बाहेर पडू नये म्हणून दात घट्ट मिटून घेतले की समोरच्याला बाई हसतेय असंच वाटतं, हे मी त्या दिवसांत शिकले.

ही सत्तरच्या दशकातली, सोलापुरातली गोष्ट. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. माझा नवरा एका कापड गिरणीच्या ऑफिसात होता आणि त्याला नुकतीच बढती मिळाली होती. त्याला मी तोंडावर 'अहो' म्हणायची. मनात काय म्हणायची ते इथे लिहीत नाही. आमचं घर बैठं, एकामागे एक तीन खोल्यांचं. पुढची खोली, मधली खोली आणि शेवटी स्वयंपाकघर. ते इतकं लहान की मी चुलीपुढे बसलेली असताना कुणी पाणी प्यायला आलं, तर त्याला माझ्या डोक्यावरून वाकून माठात तांब्या बुडवावा लागे. भिंती धुराने काळ्या, खाली शहाबादी फरशी, एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्या कोपऱ्यात मोरी. आणि मागच्या भिंतीला एक दार. ते उघडलं की एक दगडी पायरी, मग सामाईक परस आणि पलीकडे शेजारच्या तेलुगू विणकरांचं घर. त्यांचे माग दिवसभर खटखटत असत. त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंना सगळी गल्ली अम्मा म्हणायची.

त्या जुन्या स्वयंपाकघरावर माझं फार प्रेम होतं असं कुणी समजू नये. एप्रिल-मे महिन्यात, सोलापूरच्या उन्हात, तिथे बसून भाकऱ्या थापणं ही शिक्षा होती आणि ती मी काही गुन्हा न करता भोगत होते. मला ते बदलून हवंच होतं. फक्त त्यातली एक गोष्ट तशीच राहायला हवी होती, ते मागचं दार. कारण ते माझ्या आईचं दार होतं.

आई मंगळवेढ्याच्या बाजूला, माझ्या भावाकडे शेतावर राहायची. आमच्या घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी, आणि आईला आम्ही अव्वा म्हणायचो. आमच्याकडे जुनी चाल अशी होती की लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या सासरी जेवायचं नाही. पुष्कळांनी ती केव्हाच सोडली होती. अव्वाने सोडली नव्हती. ती अन्नच काय, पाणीही घेत नसे. माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. म्हणजे सहा वर्षं माझी आई माझ्या घरी येत होती आणि माझ्या हातचा घोटही न घेता परत जात होती.

ती नेहमी मागच्या बोळातून यायची. डोक्यावर ज्वारीचं गाठोडं, काखेत पिशवी. पायरीपाशी आली की गाठोडं उतरवायच्या आधी ती मला वरपासून खालपर्यंत बघायची. पोटापाशी तिची नजर थांबायची आणि ती विचारायची, "काय इशेष?"

मी म्हणायची, "काही नाही."

"बरं," म्हणून मग ती गाठोडं उतरवायची. मला त्या प्रश्नाचा इतका संताप यायचा की तिची यायची वेळ झाली की सकाळपासून माझं डोकं उठायचं. एकदा मी तिला म्हटलंही, "अव्वा, काही असलं तर मीच नाही का सांगणार? दर खेपेला विचारून काय मिळतं तुला?" ती म्हणाली, "इचारलं न्हाय तर देवाला कसं कळंल, की कुनी वाट बगतंय?"

मग ती पायरीवर बसून फडक्यात बांधून आणलेली तिची भाकरी आणि शेंगाची चटणी खायची. मी आत उंबऱ्याला टेकून बसायची. आमच्या दोघींच्या मधे तो उंबरा तेवढा असायचा. खाऊन झालं की ती उठून अम्मांकडे जायची आणि तिथे पाणी प्यायची. माझ्या घरात माठ भरलेला आणि माझी आई शेजारणीच्या दारात ओंजळ धरून उभी. अम्मांनी कारण कधी विचारलं नाही. एकीची भाषा तेलुगू, दुसरीची कानडी, दोघींचं मराठी मोडकं, पण दोघी परसात बसून तासभर बोलत असायच्या. मी दारातून बघायची आणि मला अम्मांचा हेवा वाटायचा. माझ्या आईला पाणी पाजायचं भाग्य त्या बाईला होतं, मला नव्हतं.

बढती मिळाल्यावर नवऱ्याला घरात माणसं जेवायला बोलवायची हौस सुटली. तोवर पाहुणे आले की पुढच्या खोलीत पाट मांडून पंगत बसायची. आता ते त्याला कमीपणाचं वाटायला लागलं. मुंबईच्या हेड ऑफिसातले साहेब जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला बायकोसकट सोलापूरला येणार होते, आणि ते आपल्याकडे जेवले पाहिजेत, टेबलावर जेवले पाहिजेत, असं त्याने ठरवलं. गॅस मिळाला होताच. स्वयंपाकघर पाडून नवं करायचं, तिथेच टेबल टाकायचं, असं एका रात्रीत पक्कं झालं. आणि माझ्याशी बोलायच्या आधी ते पुण्याला बोलून झालं होतं.

पुण्याला माझी नणंद. नवऱ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, उंचीला दाराच्या चौकटीएवढी. तिच्या नवऱ्याची सरकारी नोकरी आणि तिचा फ्लॅट, यांबद्दल ती एवढं बोलायची की तो फ्लॅट मी कधी न बघता मला त्यातलं प्रत्येक कपाट पाठ झालं होतं. ती दोन महिने मुक्कामाला आली. येताना मासिकांतली कापलेली रंगीत चित्रं घेऊन आली. स्वयंपाकघरात पाऊल टाकल्या टाकल्या नाकाला पदर लावून म्हणाली, "अगं, इथे माणसं राहतात?"

मी म्हटलं, "तुम्ही लग्न होऊन जाईपर्यंत याच घरात राहत होता, वन्सं."

तिथून आमचं सुरू झालं.

मला स्वयंपाकघर कसं हवं हे मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी न विचारता सांगितलं. दुपारी ती झोपली होती तेव्हा मी मधल्या खोलीच्या फरशीवर रांगोळीने अख्खं स्वयंपाकघर काढलं. गॅसला खिडकीखाली ठेंगणा ओटा, माझ्या कमरेला येईल असा. त्याच्या बाजूला बसून भाकरी थापायला मोकळी जागा, कारण उभ्याने भाकरी थापता येते असं ज्यांना वाटतं त्यांनी ती कधी थापलेली नसते. भिंतीत पितळी डब्यांसाठी दगडी फळ्या. आणि मागचं दार, त्याच्या आत उंबऱ्यापाशी एक माणूस बसेल एवढा कोपरा. टेबल मी पुढच्या खोलीत काढलं होतं. मला ते चित्र फार आवडलं होतं. त्यात मी दारापुढे पायरीसुद्धा काढली होती.

संध्याकाळी नवरा आला. बूट न काढता चित्राच्या कडेला उभा राहिला आणि हसला. नणंद म्हणाली, "टेबल पुढे आणि वाढायचं मागून? साहेबांची बायको काय म्हणेल? हल्ली सगळं एकाच ठिकाणी असतं." मग तिने केरसुणी आणली आणि माझ्यादेखत ते स्वयंपाकघर सुपलीत भरलं.

तिच्या चित्रात टेबल मागच्या भिंतीला लागून होतं. चार खुर्च्या, वर कप-बशा मांडायला काचेचं कपाट. आठ बाय दहाच्या त्या खोलीत ते बसवायचं तर मागचं दार बुजवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मी नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा दोघांच्या तोंडावर मोठ्याने नाही म्हटलं.

"वर्षातून चार वेळा येणाऱ्या बाईसाठी दार ठेवायचं?" नवरा म्हणाला.

"त्या बाईने तुम्हाला मुलगी दिली आहे."

"मग येऊ देत की पुढच्या दाराने. कोण अडवतंय? आणि घरचं पाणी प्यावं. म्हणजे शेजारी जायचा प्रश्नच मिटतो."

"ते काय माझ्या हातात आहे?"

चित्रं चाळणाऱ्या नणंदेने मान वर केली. मग तो म्हणाला, "मग कुणाच्या हातात आहे?"

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना तपासायला बोलावलं होतं. मी गेले होते. तो गेला नव्हता, एकदाही नाही. हे मी त्या क्षणी त्याच्या बहिणीसमोर म्हणायला हवं होतं असं मला आजही वाटतं. पण मी उठून चुलीपुढे जाऊन बसले आणि त्या दोघांना वाटलं की मी ऐकलं.

दार बुजवलं त्या दिवशी मी घरातच होते. विटा भरायला फार वेळ लागत नाही. चौकट काढून परसात टाकली, खालून वर विटा चढल्या आणि दुपारच्या चहापर्यंत परसातला उजेड बंद झाला. बाहेरची पायरी तेवढी राहिली, ती काढायचे जास्त पैसे पडत होते म्हणून. ओटा कडप्प्याचा झाला. त्याची उंची घ्यायला गवंड्याने "बाईंना बोलवा" म्हटलं, तर नणंद जाऊन उभी राहिली आणि तिच्या कोपराला माप धरून ओटा बांधला. तो माझ्या बरगड्यांना लागायचा. गॅसवरच्या पातेल्यात डोकवायला मला पायाखाली पाट घ्यावा लागे. जेवायचे पाट असे पायाखाली आले. भिंतींना पिस्त्याचा रंग, खिडकीला नारिंगी फुलांचा पडदा, कपाटात प्लॅस्टिकची सफरचंदं. सोलापुरात तेव्हा खरी सफरचंदं आजारी माणसासाठीच आणायचे. आता रोज ती बघत जेवायचं होतं.

साहेबांचं जेवण रविवारी दुपारी ठरलं. नणंदेने पुलाव, कटलेट आणि फ्रूट सॅलड ठरवलं. पण साहेबांनी आधीच निरोप पाठवला होता की सोलापुरात आलो आहोत तर कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि भरली वांगी झालीच पाहिजेत. ज्या चुलीच्या धगीला भाकरी कडक होते ती चूल पाडून झाली होती. मी दोन दिवस आधी अम्मांच्या परसात त्यांच्या चुलीवर भाकऱ्या करून आणल्या, पुढच्या दाराने, अख्ख्या गल्लीला वळसा घालून. नणंद त्या टोपलीत रचत म्हणाली, "छान झाल्या आहेत हो, आमच्याकडच्या भाकऱ्या."

रविवारी सकाळी मी पाटावर उभी राहून वांगी परतत होते. नणंद समोर काचेच्या वाट्या पुसत होती. एवढ्यात भिंतीतून आवाज आला.

"अगं ए! दार कुटं गेलं?"

माझ्या हातातलं उलथनं खाली पडलं. भिंतीवर थापा पडायला लागल्या, काचेच्या कपाटातल्या बशा किणकिणल्या. "हितं तर हुतं की! अगं, हायस का आत?"

अव्वा आली होती. या खेपेला तिने येणार म्हणून कळवलं नव्हतं, आणि दाराचं मी तिला कळवलं नव्हतं. कुठल्या तोंडाने कळवणार होते? मी तशीच पुढच्या दाराने पळत निघाले, बोळ ओलांडून परसात गेले. ती पायरीवर उभी होती, डोक्यावर गाठोडं, एक हात नव्या भिंतीच्या गिलाव्यावर. मला बघून तिने भिंतीकडे बोट केलं, जणू ते मी केलं होतं. मग सवयीने तिची नजर माझ्या पोटाकडे गेली.

"काय इशेष?"

"काही नाही. चल, पुढून चल. साहेब येणार आहेत."

"बरं. थांब, अम्माकडनं पानी पिऊन येते. पाटंपासून घोट न्हाय पोटात. यष्टी वाटंत बंद पडली हुती."

तेवढ्यात नवऱ्याने पुढून हाक मारली. गाडी आली होती. मी तिचा हात धरून तिला ओढतच आणलं. आता आठवलं की वाटतं, त्या एका तांब्याभर पाण्याला किती वेळ लागला असता. पण तेव्हा सगळे एकमेकांवर ओरडत होते आणि मीही ओरडत होते.

नणंदेने अव्वाला मधल्या खोलीत बसवलं आणि दार लोटून घेतलं. गाठोड्यात हुरडा होता, कोवळा, चोळून आणलेला. मी तो तव्यावर परतला आणि तीळ-मिठाची चटणी घालून बशीत काढला. साहेब आणि त्यांची बायको, नवरा आणि नणंद असे चौघे चार खुर्च्यांवर बसले. वाढणारी मी, त्यामुळे पाचव्या खुर्चीचा विचार करायची कुणाला गरज पडली नव्हती. पुलाव तसाच राहिला. भाकरी, वांगी आणि हुरडा यांवर दोघे तुटून पडले. साहेबांच्या बायकोने विचारलं, "हा हुरडा कुठला हो?"

मी म्हटलं, "माझ्या आईने आणलाय. आत बसली आहे."

"आत? अहो, मग त्यांना बोलवा ना! आपल्याबरोबर जेवू देत."

ती बाई मनाने चांगली होती. त्या दिवशी तिच्या चांगुलपणाचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला. अव्वा येऊन दारात उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा करत. ओठ सुकून पांढरे पडले होते. साहेबांच्या बायकोने आग्रह सुरू केला. अव्वा मान हलवत राहिली. "न्हाय बाई, तुमी जेवा."

"असं कसं? लेकीच्या घरी उपाशी राहायचं का?"

आणि तिथे नणंदेने तोंड घातलं. हसत हसत, पाहुण्यांना गंमत सांगावी तशी. "अहो, त्यांच्यात रीत आहे. मुलीला मूल होईपर्यंत तिच्याकडे जेवायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. आणि आमच्या हिला सहा वर्षं झाली, अजून काही नाही. त्यामुळे मावशी बिचाऱ्या तहानलेल्याच."

नवरा ताटातल्या वांग्याकडे बघत होता. साहेबांनी घसा साफ केला. त्यांची बायको "अरेरे" म्हणाली आणि मुंबईतल्या एका डॉक्टरचं मला सांगायला लागली, फार गुण आहे म्हणे त्याच्या हाताला. मी हातात भाकरीची टोपली धरून पाटावर उभी होते. सगळ्यांहून उंच, सगळ्यांना नीट दिसेल अशी. ती टोपली नणंदेच्या डोक्यात घालावी असं मला फार वाटलं.

अव्वाने मागच्या भिंतीकडे पाहिलं. तिचे पाय सवयीने तिकडे वळले होते. तिथे आता टेबल होतं आणि प्लॅस्टिकची सफरचंदं होती. मग ती पुढच्या दाराकडे वळली.

"मावशी, आत्ता जाऊ नका हं पुढून," नणंद म्हणाली. "साहेबांचा ड्रायव्हर बसलाय बाहेरच्या कट्ट्यावर. तुम्ही तांब्या घेऊन शेजारी पाणी मागायला गेलात तर काय दिसेल ते? थोडा वेळ कळ काढा." एवढं बोलून ती खुर्चीवरून उठली आणि फ्रूट सॅलडचं भांडं आणायला ओट्याकडे वळली.

अव्वा चार पावलं पुढे आली आणि नणंदेच्या रिकाम्या खुर्चीत बसली.

खुर्चीवर बसून जेवायची तिला सवय नव्हती. पाय जमिनीला पुरेनात, तेव्हा तिने एक पाय वर घेऊन मांडी घातली. समोरचं नणंदेचं उष्टं ताट तिने बाजूला सारलं.

"मला वाढ," ती म्हणाली.

"अव्वा..."

"वाढ म्हनते न्हवं? भाकरी वाढ. आन् आदी पानी दे."

मी पाटावरून खाली उतरले. माठातून तांब्या भरताना निम्मं पाणी माझ्या पायांवर सांडलं. तिने तांब्या उचलून वरून धार धरली आणि न थांबता सगळा रिकामा केला. मी पुन्हा भरून दिला. तोही तिने प्यायला. मग मी ताट वाढलं. भाकरी, चटणी, वांगं, तिनेच आणलेला हुरडा. तिने मुठीने भाकरी मोडली.

मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला आनंद झाला, असा की नाचावंसं वाटलं. सहा वर्षांत पहिल्यांदा माझी आई माझ्या हातचं खात होती, तेही त्या बयेच्या खुर्चीत बसून, आणि ती बया सॅलडचं भांडं घेऊन उभी होती, बसायला जागा नव्हती म्हणून. मी तिच्याकडे बघून हसले. या वेळी मला दात मिटावे लागले नाहीत.

साहेबांच्या बायकोला वाटलं आपल्या आग्रहाचा मान राखला. ती खूश झाली. "बघा, बसल्या की नाही!"

नणंदेने भांडं ओट्यावर ठेवलं. ती रागावली नव्हती. ती आवाज उतरवून, अगदी सावकाश, कीव केल्यासारखं म्हणाली, "म्हणजे मावशी, तुम्हीच आशा सोडलीत म्हणायची."

मी तोवर त्या बाजूने विचारच केला नव्हता. भाकरी वाढताना माझा हात ताटावर तसाच राहिला. मी अव्वाकडे पाहिलं. तिने तोंडातला घास सावकाश चावला, गिळला, बोटं चाटली.

"आशेचं काडू नका बाई," ती म्हणाली. "मला तहान लागली हुती."

आणि ती जेवत राहिली. पोटभर जेवली, शेवटी ताटात पाणी फिरवून तेही प्याली, तिच्या घरी करायची तसं.

उन्हं उतरल्यावर ती गेली. पुढच्या दाराने, सगळ्यांच्या देखत. मी तिला स्टँडवर सोडायला गेले. मी वाटेत काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "वांगी लई चांगली झाली हुती," आणि यष्टीत जाऊन खिडकीपाशी बसली.

घरी आले तर पाहुणे गेले होते आणि नवरा टेबलापाशी पाय पसरून बसला होता. साहेब खूश होऊन गेले होते, त्यामुळे स्वारी रंगात होती. मी वाट्या धुवायला घेतल्या. तो म्हणाला, "बघ, उगीच भांडत होतीस. आता त्या दाराची गरजच उरली नाही."

माझ्या हातात नणंदेची काचेची वाटी होती. ती मी फरशीवर सोडली. मग दुसरी घेतली आणि तीही सोडली. नणंद मधल्या खोलीतून ओरडत आली. मी सगळ्या वाट्या संपेपर्यंत थांबले नाही, आणि काचा मी गोळा केल्या नाहीत. त्या रात्री त्या त्याने गोळा केल्या, त्याच केरसुणीने. दुसऱ्या दिवशी नणंद पुण्याला गेली आणि पुढे कित्येक वर्षं आमच्याकडे आली नाही. एवढं एक त्या स्वयंपाकघराने माझ्यासाठी केलं.

अव्वा पुन्हा आली ती पाडव्यानंतर. ज्वारीची रास झाली होती, गाठोडं जड होतं. पुढच्या दाराने आली. मी उंबऱ्यात उभी राहिले, नेहमीसारखी तिच्या समोर, तिने बघावं म्हणून. त्या प्रश्नाचा मला सहा वर्षं राग होता आणि त्या दिवशी मी सकाळपासून त्याचीच वाट बघत होते. ती माझ्या बाजूने आत गेली. गाठोडं खाली ठेवलं, खुर्ची ओढली, मांडी घातली आणि म्हणाली, "पानी दे."

मी तांब्या भरून दिला आणि समोरच उभी राहिले. 'काही नाही' हे दोन शब्द माझ्या तोंडात तयार होते. तिने एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग लगेच खिडकीकडे पाहिलं.

"पडदा नवा हाय का?"

"जुनाच आहे, अव्वा."

"बरं," ती म्हणाली, आणि तांब्या तोंडाला लावला.